जोडीनं आग्र्याला जायचं तर



गटाच्या बैठकीत कर्ज कशासाठी हवं असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. शेळी घ्यायची, शिलाई मशीन घ्यायचं, पोरीची फी भरायची, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं. "आम्हां दोघांना फिरायला जायचंय" हे उत्तर आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकलं तेव्हा आधी सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. प्रत्येकीच्या मनात हिशेब सुरू झाला, की आपण दोघंच असे शेवटचे कधी कुठं गेलो होतो. पंढरपूर झालेलं असतं, तुळजापूर झालेलं असतं, पण तिथं बरोबर सासू असते, पोरं असतात, जावेची पोरं असतात आणि आपण सगळ्यांचे डबे आणि चपला सांभाळत असतो. जोडीनं जाणं म्हणजे लग्नानंतर जेजुरीला गेलो तेवढंच.

मग कुठं जायचं असं विचारलं तर बहुतेकींच्या तोंडून एकच नाव निघालं. ताजमहाल. कॅलेंडरवर पाहिलेला, लग्नाच्या मंडपात थर्माकोलचा पाहिलेला, पण डोळ्यांनी न पाहिलेला. म्हणून आजचं बोलणं आग्र्याचं. तिथं राहायचं कुठं, पाहायचं काय, आणि पाहताना त्यामागची गोष्ट कोणती लक्षात ठेवायची. आमच्या गटातली पाच जोडपी आणि दोन एकल मैत्रिणी अशी बारा माणसं जाऊन आली, त्यामुळे यातलं बरंचसं अनुभवाचं आहे.

आधी पैशाचं. फिरायला जाण्यासाठी गटाच्या अंतर्गत कर्जाला किंवा फिरत्या निधीला हात लावायचा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. व्याज भरत भरत फोटो बघण्यात काय मजा? वेगळी वही केली आणि दर महिन्याला वेगळी रक्कम बाजूला टाकली. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा होता. तिकीट दोघांचं असेल तर बचत एकटीची कशी? निम्मे पैसे नवऱ्यानं त्याच्या हातानं वहीत जमा करायचे. एक-दोघांनी कुरकुर केली. पण ज्यानं स्वतः पैसे भरले, तो मग रेल्वेचं वेळापत्रकही स्वतःच बघायला लागला. तिसरा नियम प्रवासात दारू नको. तो पुरुषांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला.

जायचं कधी? उत्तरेतला उन्हाळा आपल्यासारखा नसतो. एप्रिल ते जून आग्र्यात लू चालते, पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि दुपारी संगमरवरावर पाय ठेवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडतं. गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिरा धावतात आणि सकाळी ताजसमोर उभं राहूनही ताज दिसत नाही. शेतीची कामं धरून बघितलं तर कार्तिकी एकादशी झाल्यावर, रब्बीची पेरणी उरकल्यावरचे दिवस चांगले. नाहीतर फेब्रुवारी, गव्हाच्या काढणीच्या आधी. बहुतेक वर्षी फेब्रुवारीत तिथं ताज महोत्सव भरतो, ताजच्या पूर्व दरवाज्याजवळ शिल्पग्राममध्ये. देशभरातले कारागीर माल घेऊन येतात. ज्या गटांना भरतकाम, पर्स, मसाले विकायचे आहेत त्यांनी एकदा नुसतं बघायला तरी जावं. मात्र त्या दिवसांत खोल्या महाग होतात. आणि एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. इतक्या लांब जाऊन शुक्रवारी दारातून परत फिरणारी माणसं आम्ही पाहिली.

जायला रेल्वे बरी. मुंबईहून नाशिक, भुसावळमार्गे पंजाब मेल जाते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आहे, आणि मिरज-सातारा-पुणे पट्ट्यातल्यांना गोवा एक्सप्रेसही आहे. स्टेशन आग्रा कँट. एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस लागतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारीख ठरवून त्याच दिवशी तिकीट काढा. स्लीपरचं भाडं पुण्याहून माणशी सातशेच्या आतबाहेर पडतं. पंचेचाळीस वर्षांवरच्या बाईला खालचा बर्थ देण्याचा रेल्वेचा नियम आहे, शिल्लक असेल तर तो आपोआप मिळतो. म्हणून तिकीट काढताना वय बरोबर लिहा, उगाच चाळीस सांगू नका. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे. बरोबर भाकरी, चटणी, दशम्या घ्या, त्या दोन दिवस टिकतात. गाडीत आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण शेजारी शेजारी बसून जायची ही पहिलीच वेळ. एरवी मधे पोरं."

आता राहण्याचं. यावर जरा जास्त बोलूया, कारण बायकांना खरी धास्ती याचीच असते.

आग्र्यात राहायच्या तीन-चार जागा आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. ताजच्या दक्षिणेला अगदी लागून ताजगंज आहे. जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या, लहान लहान लॉज. ताज बांधणाऱ्या कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती त्या काळापासून इथं होती. इथं खोली स्वस्त, हजार-बाराशेत दोघांची सोय होते, आणि पहाटे चालत ताजला जाता येतं. काही लॉजच्या गच्चीवरून घुमट दिसतो. आमच्या मते जोडीनं जाणाऱ्यांनी एक रात्र तरी इथं काढावी आणि गच्चीवर चहा घ्यावा. गल्लीत माकडं, मोटारसायकली आणि आरडाओरडा असतो, ते सोसावं लागतं. दुसरी जागा फतेहाबाद रोड. रस्ता रुंद, हॉटेलं मोठी, दर दुपटी-तिपटीचे. म्हातारी माणसं किंवा गुडघेदुखीवाली कुणी बरोबर असेल आणि लिफ्ट हवी असेल तर हे बरं. तिसरी जागा म्हणजे सदर बाजार आणि कँट स्टेशनचा भाग, जिथून गाडी पकडायला सोपं. चौथी राजा की मंडीच्या बाजूला, जिथं धर्मशाळा आणि साधी हॉटेलं आहेत. तिथं गर्दी आपल्या जिल्ह्याच्या गावासारखी वाटते.

खोली फोनवर ठरवताना लाजायचं नाही. संडास आतच आहे का, तो आपल्या पद्धतीचा की कमोड, गरम पाणी किती वाजता येतं, दाराला आतून कडी नीट बसते का, खिडकी बाहेर उघडते की आतल्या बोळात, आणि सांगितलेल्या भाड्यात सगळं आलं की वर कर लागतो, हे सगळं विचारा. पोचल्यावर आधी खोली बघा, मगच पैसे द्या. चादर उलटी करून बघितली तर कुणी रागावत नाही.

ओळखपत्राचा घोळ फार होतो. आपल्याकडे निम्म्या बायकांच्या आधारकार्डावर अजून माहेरचं नाव आहे. काउंटरवरचा पोरगा दोन आडनावं बघतो आणि विचित्र नजरेनं बघायला लागतो. लग्नाचा दाखला दाखवल्याशिवाय खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. सज्ञान माणसानं आपली ओळख दाखवली की पुरे. तरीही वाद घालत बसण्यापेक्षा मोबाइलमध्ये लग्नपत्रिकेचा किंवा रेशनकार्डाचा फोटो ठेवा. आधारची झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि "फक्त लॉजसाठी" असं लिहून सही करा. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मिळतं, ते दिलं तरी चालतं.

आमच्यातल्या दोघी मैत्रिणींची नवऱ्याशिवाय आलेल्या म्हणून एका लॉजवाल्यानं अडवणूक केली. बुकिंग आधी झालेलं होतं, पण समोर बघून तो म्हणाला, "फॅमिलीलाच देतो." त्यातली एक विधवा, दुसरी नवऱ्यानं टाकलेली. दोघी शेतमजुरी करून पैसे साठवून आलेल्या. बाकीची पाचही जोडपी तिथंच बॅगा उचलून उभी राहिली आणि म्हणाली, मग आम्हीही राहत नाही. पाच खोल्यांचं भाडं जातंय म्हटल्यावर त्याला फॅमिलीचा अर्थ कळला. तरी आम्ही तिथं राहिलो नाही, शेजारच्या गल्लीत जागा मिळाली. ही गोष्ट सांगतो एवढ्यासाठी, की सहलीला "जोडीची" म्हटलं तरी गटातल्या एकल मैत्रिणींना बाहेर ठेवू नका. ताज बघायला नवरा बरोबर लागतो असं कुठं लिहिलंय? अडचण आलीच तर ११२ आहे, उत्तर प्रदेशात बायकांसाठी १०९० आहे आणि रेल्वेत १३९. तिन्ही नंबर प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये घालून घ्या, एकीच्याच नको.

आता ताजमहाल.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दरवाजे उघडतात. तेव्हाच जा. तिकीट आपल्याला ५० रुपये, आणि मधल्या मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर आणखी २००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दर बदलत असतात, निघण्याआधी एकदा मोबाइलवर बघून घ्या. तिकीट तीन तासांपुरतं असतं. तंबाखू, बिडी, काडेपेटी, चाकू, खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत. मिश्रीच्या डबीचंही तेच. पाण्याची बाटली चालते. तपासणीसाठी बायकांची रांग वेगळी असते आणि ती बऱ्याचदा लांब असते, तेव्हा आत भेटायची जागा आधीच ठरवा, नाहीतर अर्धा तास एकमेकांना शोधण्यात जातो. २०१९ मध्ये ताजमहालात बाळाला पाजण्यासाठी वेगळी खोली केली. देशातल्या जुन्या स्मारकांत अशी सोय पहिल्यांदा इथं झाली. तान्हं मूल असणारीनं त्यापायी जाणं टाळायला नको.

बाहेर "गाइड हवा का, लाइनशिवाय आत नेतो, फुकट दुकान दाखवतो" म्हणत माणसं मागं लागतात. तिथले लोकच त्यांना लपके म्हणतात. त्यांच्याशी बोलायचं नाही, हसायचंही नाही. सरळ चालायचं. पेट्रोलच्या गाड्या ताजच्या जवळ येऊ देत नाहीत, वाहनतळापासून बॅटरीच्या गाड्या मिळतात.

मोठ्या लाल दरवाज्यातून आत शिरताना सावकाश शिरा. कमानीच्या अंधारात ताज आधी मोठा दिसतो, आणि जसजसे पुढं जाल तसतसा मागं सरकल्यासारखा वाटतो. मुद्दाम एकदा पुढं, एकदा मागं जाऊन बघा. चारी मिनार किंचित बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. भूकंपात पडलेच तर घुमटावर पडू नयेत म्हणून तसं केलंय असं सांगतात. दरवाज्यांभोवतीची अक्षरं वर वर जाताना मोठी केलीत, म्हणजे खालून बघणाऱ्याला सगळी सारखीच दिसावीत. भिंतीवरची फुलं रंगवलेली नाहीत, रंगीत दगड कोरून बसवलेली आहेत. दगड राजस्थानातल्या मकराण्याचा. बोट न लावता अगदी जवळून बघा. एका फुलाच्या पाकळीत किती तुकडे आहेत ते मोजायचा प्रयत्न आमच्यातल्या भरतकाम करणाऱ्या दोघींनी केला आणि सोडून दिला.

आत गेल्यावर दिसतात त्या कबरी वरच्या, खऱ्या त्याच्या खाली तळघरात आहेत. मधोमध मुमताजची. बाजूला शाहजहानची, तिच्याहून मोठी. सगळ्या ताजमहालात डावं तसं उजवं आहे, फक्त ही एक कबर तो तोल मोडते.

आणि इथं जरा थांबा, कारण ही गोष्ट प्रेमाची म्हणून सगळे सांगतात, पण मुमताज गेली कशानं हे फारसं कुणी सांगत नाही. ती बाळंतपणात गेली. चौदाव्या. वय अडतीस. १६१२ मध्ये लग्न झालं आणि १६३१ मध्ये ती गेली. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं, त्यातली सातच मुलं जगली. राजाच्या लाडक्या राणीला वैद्य-हकिमांची काय कमी असणार? तरी नवरा मोहिमेवर निघाला की गरोदर असली तरी ती बरोबर जायची. शेवटचं बाळंतपण आग्र्यात झालंच नाही. ते झालं बुऱ्हाणपूरला, तापीच्या काठी. आपल्या रावेरच्या पलीकडं. मुलगी झाली, गौहर आरा तिचं नाव. ती मुलगी जगली, चांगली पंचाहत्तरीपर्यंत. आईला तापीपलीकडं जैनाबादच्या बागेत तात्पुरतं पुरलं आणि सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला.

ती १६३०-३२ ची वर्षं खानदेशात आणि दख्खनेत भयंकर दुष्काळाची होती. माणसं गावंच्या गावं सोडून गेली. त्याच सुमाराला तिकडं पांढऱ्या दगडाचं काम सुरू झालं, आणि सगळं आवार पुरं व्हायला वीसेक वर्षं लागली. सुंदर आहे का? आहेच. आम्ही तिथं बसून राहिलो, उठवेना. पण आमच्यातल्या आशाताई, म्हणजे गावात आशा म्हणून काम करणाऱ्या आमच्या मैत्रीण, त्या कबरीकडं बघून म्हणाल्या, "हिला तिसऱ्यानंतर कुणी थांब म्हणालं असतं तर?" बाहेर आल्यावर हिरवळीच्या कडेला बसून आमच्या जोडप्यांमध्ये यावर बोलणं झालं. गावात नवऱ्यासमोर कधी न निघालेले विषय तिथं निघाले. कुणाचं दुसरं बाळंतपण किती अवघड गेलं, कुणाला रक्त मिळायला किती वेळ लागला. एका दादांनी सांगितलं की त्या रात्री ते दवाखान्याच्या बाहेर रडत होते. त्यांच्या बायकोला हे अकरा वर्षांनी कळलं.

कारागिरांचे हात तोडले ही गोष्ट तिथं प्रत्येक जण सांगतो. त्याला इतिहासात पुरावा नाही. नदीपलीकडं काळा ताज बांधणार होते, त्यालाही नाही. ऐकून घ्या आणि सोडून द्या.

पौर्णिमेच्या आसपास पाच रात्री ताज रात्रीही बघता येतो, शुक्रवार आणि रमजानचा महिना सोडून. तिकीट महाग, वेळ अर्धाच तास आणि लांबून बघायचं. आमच्या मते ते पैसे एका रात्रीच्या खोलीला घाला.

एक मात्र घरी सांगण्यासारखं. धुरानं संगमरवर पिवळा पडतो, तेव्हा पुरातत्त्व खातं त्याला मुलतानी मातीचा लेप लावतं. वाळला की धुऊन काढतं. आपण तोंडाला लावतो तसाच. तो धूर कमी व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ताजच्या परिसरातल्या कारखान्यांना कोळसा बंद करा, गॅस वापरा नाहीतर जागा बदला, असा आदेश दिला.

ताजपासून किल्ला जवळच आहे, आता मेट्रोही आहे. मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, ताजपासून किल्ल्याचं स्टेशन लगेच येतं. किल्ला शुक्रवारीही उघडा असतो. दारासमोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तिथं आपली माणसं हमखास भेटतात, पायाला हात लावून मगच आत जातात. मे १६६६ मध्ये महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांना घेऊन आग्र्याला आले, दरबारात अपमान झाला, मग नजरकैद आणि ऑगस्टमध्ये निसटले. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण किल्ल्यात उभं राहिल्यावर दोन गोष्टी जुळतात. त्या दरबारात बसलेला औरंगजेब हा मुमताजचाच मुलगा. आणि त्यानं स्वतःच्या बापाला याच किल्ल्यात जवळजवळ आठ वर्षं कोंडून ठेवलं होतं. महाराज आले त्याच्या काही महिने आधीच शाहजहान इथं मेला होता. नदीकडच्या बाजूला मुसम्मन बुरूज आहे, अष्टकोनी, नाजूक जाळीचा. तिथून लांब ताज दिसतो. म्हातारा बाप तिथून बघत बसायचा आणि त्याची मुलगी जहानआरा त्याची सेवा करत होती. पुरुष मंडळी महाराज कुठून निसटले असतील यावर बोलत राहिली, बायका जहानआरावर. किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराकडं आहे, तो बघता येत नाही. उरलेला बघायला दोन तास पुरतात.

या जहानआरानं स्वतःच्या पैशानं किल्ल्यासमोरची जामा मशीद बांधली, १६४८ मध्ये. आणि तिच्या आधी, यमुनेच्या पलीकडच्या काठाला नूरजहाननं आपल्या आईबापांसाठी मकबरा बांधला, १६२२ ते २८ या काळात. त्याला इतमाद-उद-दौला म्हणतात. नूरजहान मुमताजची आत्या. संगमरवरात रंगीत दगड बसवायचं काम ताजच्या आधी इथं झालं, तेव्हा भाचीच्या ताजचा नमुना आत्यानं घालून दिला असं म्हणायला हरकत नाही. ही इमारत लहान आहे, गर्दी नसते, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींना ती ताजपेक्षा जास्त आवडली. मुलीनं आईबापांसाठी बांधलेली, त्यात आईची कबर बापाच्या बरोबरीनं शेजारी. चुकवू नका.

संध्याकाळी मेहताब बागेत जा. ताजच्या बरोबर मागं, नदीच्या पलीकडं. ताजच्या मानानं तिकीट स्वस्त. गर्दी नाही, विक्रेते नाहीत, सूर्य मावळताना घुमटाचा रंग बदलत जातो. इथं गटानं एकत्र बसायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. प्रत्येक जोडीनं आपली जागा शोधायची आणि तासभर कुणी कुणाला हाक मारायची नाही. "अहो" म्हणणाऱ्या बायका आणि "अगं ए" म्हणणारे नवरे तासभर काय बोलले ते आम्हांला माहीत नाही, विचारलंही नाही. आमच्या दोघी मैत्रिणी पाण्याच्या कडेला बसल्या होत्या, पाय पसरून.

फतेहपूर सिक्री सदतीस किलोमीटरवर आहे आणि मथुरा-वृंदावनचा मोह सगळ्यांना होतो. दोनच दिवस असतील तर दोन्ही सोडा. देवळं सुरू झाली की सहलीची जत्रा होते आणि परत आपल्याकडं पिशव्या सांभाळायचं काम येतं.

वेळ काढा तो शीरोज हँगआउटसाठी. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलींनी चालवलेलं हे चहा-नाश्त्याचं दुकान २०१४ मध्ये आग्र्यात सुरू झालं, पुढं लखनौलाही निघालं. पोचल्यावर लॉजवर पत्ता विचारून घ्या. तोंड झाकून घरात बसायचं नाकारलेल्या या मुली आहेत. तिथं बघायला म्हणून जाऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा, चहा प्या, पैसे द्या, आणि त्या बोलल्या तर बोला.

खाण्यात सकाळी बेडई आणि जिलेबी. बेडई म्हणजे डाळीचं सारण घातलेली पुरी, सोबत तिखट बटाट्याची भाजी. पेठा तर घ्यायलाच हवा. तो आपल्या कोहळ्याचाच. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवून धुतात, मग साखरेच्या पाकात शिजवतात. चुन्यामुळं फोड कडक राहते आणि आत पाक मुरतो. ज्या गटांच्या परसात कोहळा नुसता लोळत असतो त्यांनी हे ध्यानात घ्यावं. एकाच नावाच्या पाट्या लावलेली दहा दुकानं दिसतील. चव घेऊन आणि तारीख बघून घ्या. साधा पांढरा सुका पेठा गावापर्यंत चांगला येतो, रसातला अंगुरी पेठा गाडीत सांडतो.

संगमरवरी ताजमहाल घेताना सावध. बरंचसं मऊ दगडाचं असतं आणि संगमरवर म्हणून विकतात. तळाशी नखानं किंवा चावीनं हलकं ओरखडून बघा. पांढरी भुकटी निघाली तर तो संगमरवर नाही. आणि रिक्षावाला "कारखाना दाखवतो" म्हणाला तर नको म्हणा, तिथल्या किमतीत त्याचं कमिशन असतं.

परतीची गाडी बुऱ्हाणपूरला थांबणारी असेल आणि हातात एक दिवस असेल तर तिथं उतरा. तापीकाठचा शाही किल्ला बघा, आणि रिक्षा करून जैनाबादला आहूखान्यात जा. पडीक बाग आहे, तिकिटाची रांग नाही, लपके नाहीत. मुमताजला पहिल्यांदा इथं ठेवलं होतं. बुऱ्हाणपुराहून भुसावळला यायला गाड्या बऱ्याच आहेत, तासाभरात पोचता.